ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ओपन सोर्स ॲप बनवलंय, सीड फंडिंग कुठून आणि कसं मिळेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही तिघांनी सोलापुरात इंजिनिअरिंग केलंय, ऊसतोड मजुरांच्या लहान मुलांचं लसीकरण, वजन आणि शाळेची नोंद एका क्यूआर कार्डावर राहावी म्हणून नेटशिवाय चालणारं ॲप बनवलंय, गेल्या हंगामात एका साखर कारखान्याच्या तळावर (हंगामात मजूर राहतात त्या वस्तीवर) ते वापरून पाहिलंय, आणि आता युनिसेफ एक लाख डॉलर देतं असं ऐकलंय, पण त्यासाठी कोड ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही बघता-वापरता येईल असा खुला करावा लागतो म्हणून मन मागेपुढे होतंय, कारण कोणीतरी मोठी कंपनी तो उचलून नेईल अशी भीती वाटतीय. शिवाय कंपनी पुण्यात रजिस्टर करावी का हेही विचारलंय, आणि अर्जाचा कच्चा मसुदा, बजेट आणि ॲपची माहिती सोबत पाठवलीय, तीही मी पाहिली. मी बरीच वर्षं असे अर्ज लिहून देते, तपासते, कधी निवड करणाऱ्यांच्या बाजूलाही बसते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी पुण्याचं संपवू. सोलापुरातल्या घराच्या पत्त्यावर प्रायव्हेट लिमिटेड निघते, आपल्या जिल्ह्याचं आरओसी, म्हणजे कंपनी नोंदणीचं सरकारी कार्यालय, पुण्यात आहे एवढाच काय तो पुण्याचा संबंध, आणि फॉर्म सगळे ऑनलाइन जातात. उलट अशा फंडात तुमचा पत्ता सोलापूरचा आहे हीच तुमची जमेची बाजू, कारण तळ तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. पुण्यात बसून ऊसतोडीवर ॲप करणाऱ्यांचे अर्ज मी पाहिलेत, त्यात तळावर संध्याकाळी काय चालतं हे कुठेच नसतं.

आता युनिसेफ. त्यांचा इनोव्हेशन फंड २०१६ साली सुरू झाला, आता व्हेंचर फंड या नावानेही ओळखला जातो. तो सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्टार्टअपला एक लाख डॉलरपर्यंत देतो, म्हणजे आजच्या भावाने ऐंशी लाखांच्या वर, आणि त्याबदल्यात कंपनीचा एक टक्काही हिस्सा मागत नाही. अटी ढोबळमानाने अशा की कंपनी नफ्यासाठी चालणारी खाजगी कंपनी हवी, युनिसेफचं काम चालतं अशा देशात रजिस्टर झालेली हवी (भारत त्यात बसतो), चालणारा प्रोटोटाइप हवा, त्याचे थोडेफार निकाल हातात हवेत, आणि सगळं ओपन सोर्स लायसन्सखाली आलेलं किंवा आणायची तयारी असलेलं हवं. नुसती कल्पना घेऊन गेलात तर ते उभं करत नाहीत. आणि हा फंड वर्षभर उघडा नसतो, विषय ठरवून कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात निघते, कधी ब्लॉकचेन (अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली, मागून बदलता न येणारी नोंदवही), कधी एआय आणि डेटा सायन्स, कधी व्हीआर-एआर, आणि त्या विषयात बसत असाल तरच अर्ज करायचा. आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे हैदराबादची स्टॅटविग, लसी कारखान्यातून निघून केंद्रापर्यंत कुठे आणि कशा अवस्थेत पोचतात याचा माग ठेवणारी कंपनी, २०१८ च्या डिसेंबरात ब्लॉकचेनवाल्या सहा कंपन्यांची निवड झाली त्यात ती होती. दुसरं मला फार आवडणारं उदाहरण अर्जेंटिनातलं सीबोर्ड, ज्या मुलांना बोलता येत नाही ती चित्रांवर बोट ठेवून मोबाइलकडून बोलवून घेतात, पूर्ण ओपन सोर्स, आणि म्हणूनच ते कितीतरी भाषांत गेलं.

आता तुमच्या भीतीबद्दल, कारण खरा अडसर तिथेच आहे. फंड देणारा कोड खुला करायला का सांगतो हे नीट समजून घ्या. दहा स्टार्टअपना पैसे दिले तर त्यातल्या काही बंद पडणार हे त्यांना पक्कं माहीत असतं, तो धोका धरूनच ते पैसे देतात. कंपनी बंद पडली, पोरं नोकरीला लागली, आणि कोड कोणाच्या तरी लॅपटॉपवर कुलपात राहिला, तर ज्या मुलांसाठी तो केला त्यांच्या हाती काहीच उरत नाही आणि पुढच्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कोड खुला असला की इंडी तालुक्यातली एखादी संस्था किंवा पार केनियातली टीम तो उचलून पुढे नेऊ शकते. म्हणजे फंड तुमच्या कंपनीवर पैसे लावतच नाही, दुसरीकडे वापरता येईल अशा वस्तूवर लावतो, आणि तुमचा अख्खा अर्ज या नजरेने लिहायचा असतो.

कोणी उचलून नेईल याला उत्तर लायसन्समध्ये आहे. एमआयटी किंवा अपाची २.० हे लायसन्स घेतलंत तर कोणीही कोड घेऊन बंद प्रॉडक्टमध्ये घालू शकतो. एजीपीएल ३ घेतलंत तर जो कोणी त्यात बदल करून सर्व्हरवरून सेवा देईल त्याला बदललेला कोडही वापरणाऱ्यांना खुला द्यावा लागतो, आणि मोठ्या कंपन्या याच कारणाने एजीपीएलच्या वाटेला सहसा जात नाहीत. तुमच्यासाठी मी तेच सुचवेन. युनिसेफचं स्वतःचं रॅपिडप्रो, म्हणजे मेसेजवरून माहिती गोळा करणारं सॉफ्टवेअर, ज्यावर तरुणांची मतं घेणारं त्यांचं यू-रिपोर्ट चालतं, तेही याच लायसन्सखाली आहे. आणि कमाईचं म्हणाल तर मुंबईची फ्रॅपे कंपनी बघा, ईआरपीनेक्स्ट या तिच्या धंद्याचा हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड खुला, कोणीही फुकट उतरवून घ्यावा, तरी कंपनी होस्टिंग आणि सपोर्टवर चालतीय. तुमच्याकडचं जे कोणालाच कॉपी करता येणार नाही ते कोडमध्ये नाहीच आहे, कुठल्या तळावर कुठला मुकादम आत येऊ देतो, कुठली अंगणवाडी सेविका रात्री आठ वाजता फोन उचलते, मजुरांच्या टोळ्या कधी हलतात, हे तुम्ही हंगामभर फिरून मिळवलंय, ते गिटहबवर (खुला कोड ठेवतात त्या साइटवर) जात नाही.

कोडची काळजी सोडा, पण जी काळजी करायला हवी ती तुमच्या प्रश्नात कुठेच नाही म्हणून आता जरा सविस्तर बोलते. कोड खुला करायचा, मुलांची माहिती नाही. वाक्य साधं आहे पण टीमच्या टीम इथे घसरतात. एका टीमने (नाव घेत नाही, दुसऱ्या जिल्ह्यातली होती) रेपो (कोडचं ऑनलाइन फोल्डर) पब्लिक केला आणि टेस्टिंगसाठी वापरलेली एक्सेल फाइल त्यात तशीच राहिली, त्यात खऱ्या मुलांची नावं, आयांची नावं, मोबाइल नंबर. लक्षात आल्यावर फाइल डिलीट केली आणि हुश्श केलं, पण गिटमध्ये डिलीट केलेली फाइल जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या आवृत्तीत राहतेच, मधल्या काळात कोणी क्लोन केलं (अख्खी प्रत उतरवून घेतली) असेल तर ती तिथेही गेली. म्हणून रेपो पब्लिक करण्याआधी सगळी हिस्ट्री तपासायची, शंका असेल तर नवा रेपो काढून स्वच्छ कोडनेच सुरुवात करायची, आणि टेस्ट डेटा कायम बनावट ठेवायचा, तो बनवणारी स्क्रिप्टसुद्धा रेपोत टाकायची म्हणजे बाहेरच्यालाही ॲप चालवून बघता येतं.

ऊसतोडीत तर हा विषय जास्तच नाजूक आहे. मुकादमाने कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल (आगाऊ रक्कम) दिलेली असते. एखादं कुटुंब उचल फिटायच्या आत तळ सोडून गेलं तर मुकादम त्यांना शोधत फिरतो, आणि शोधल्यावर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. आता तुमच्या ॲपमध्ये लेकराच्या लसीची नोंद करताना जागा आपोआप नोंदवली जाते, बरोबर? म्हणजे कुठलं कुटुंब कुठल्या तारखेला कुठल्या तळावर होतं याची यादी तुम्ही नकळत तयार करताय, आणि ती चुकीच्या हातात गेली तर ज्या बाळाच्या भल्यासाठी नोंद केली त्याच्याच बापाच्या जिवावर बेतेल. मी असते तर जागेचं कॉलमच काढलं असतं. फार तर तालुका ठेवा. लस देणाऱ्या सिस्टरला पुढची लस कुठली आणि मागची कधी दिली हे हवं असतं, ते कुठल्या शिवारात राहत होते हे तिला नको असतं.

तसंच क्यूआरचं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींमुळे आपल्या जिल्ह्याला क्यूआर कोड नवा नाही, पुस्तकातल्या धड्याला क्यूआर जोडायची त्यांची पद्धत पुढे राज्यभर गेली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण पुस्तकातला क्यूआर सगळ्यांनी स्कॅन करावा म्हणूनच असतो आणि मुलाच्या कार्डावरचा तसा नसतो. तुम्ही क्यूआरच्या आत नाव, गाव, आईचा मोबाइल सगळं साध्या मजकुरात भरलेलं दिसतंय, म्हणजे कुठलाही फोन ते वाचू शकतो. त्यात फक्त एक रँडम नंबर, जन्माचा महिना-वर्ष आणि लसींच्या तारखा ठेवा, वर डिजिटल सही करा म्हणजे कोणी खोटं कार्ड बनवणार नाही, आणि नाव आईसमोर पेनाने कार्डावर लिहा. आणि मुलाचा आधार नंबर अजिबात घेऊ नका, तुम्हाला त्याची गरज नाही. सहीची किल्ली कोडमध्ये लिहून ठेवली असेल तर ती आजच काढा, कोड खुला झाला की ती पहिली दिसेल.

कायद्याने बोलायचं तर डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवता येत नाही आणि मुलांबाबतची बंधनं मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत जातो. आणि पुढेमागे बालगृहातल्या किंवा बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलांसाठी काही करायचं ठरवलंत तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे त्या मुलाची ओळख पटेल असं काहीही उघड करणं गुन्हा आहे. या तरतुदी तुमच्या डिझाइनमध्ये कशा उतरल्यात यावर अर्जात एक पान द्या, बहुतेक टीम त्यावर दोन ओळी लिहून सोडतात.

इथे एक पेच आहे तोही सांगते. युनिसेफच्या कॉलमध्ये सहसा अशीही अपेक्षा असते की तुमच्या कामाचे मोजता येतील असे आकडे सगळ्यांना बघता येतील असे उघडे असावेत. म्हणजे डॅशबोर्ड, आकडे दाखवणारं उघडं पान, आलाच. तळावर दोनशे मुलं असतील तर 'इतक्यांचा पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा) तिसरा डोस झाला' हे उघडं ठेवायला हरकत नाही, पण 'अमुक तळ, तीव्र कुपोषित : १' असा आकडा टाकलात तर तळावरच्या प्रत्येकाला ते लेकरू कुणाचं हे कळतं. पाचपेक्षा कमी आकडा असेल तर तो झाकायचा, आकडे तळाच्या पातळीवर न देता जिल्ह्याच्या पातळीवर द्यायचे. हा नियम लिहून ठेवा आणि कोडमध्येच घाला, माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

आता तुमच्या अर्जातली सगळ्यात कच्ची बाजू. क्यूआर कार्ड उपयोगाचं आहे पण त्यात त्यांना हवं असलेलं नवं तंत्रज्ञान फारसं नाही, आणि म्हणून मित्राने सुचवल्याप्रमाणे ब्लॉकचेन चिकटवायचा विचार करताय. करू नका. तळावर नेट नाही, ज्यांना नोंद बघायची ते चार लोक, सही केलेल्या क्यूआरने भागतं तिथे ब्लॉकचेन कशाला, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येईल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. पण तुमच्या कामात एक जागा खरोखर एआय मागणारी आहे आणि ती तुम्ही स्वतः लिहिलीय, फक्त तुमचं लक्ष गेलं नाही. तुम्ही म्हणता की आया कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन येतात, घाम-पावसाने अक्षरं पसरलेली, तारखा कधी मराठी अंकात कधी इंग्रजी, कर्नाटकातून आलेल्याच्या कार्डावर कानडी, आणि एका कार्डाची नोंद करायला तुम्हाला इतका वेळ लागतो की रांग मोडते. त्या कार्डाचा फोटो काढून फोनवरच, नेटशिवाय, हाताने लिहिलेल्या तारखा वाचणारं छोटं मॉडेल, हे खरं अवघड काम आहे, ते झालं तर भारतभर आणि भारताबाहेरही लागेल, कारण हाताने भरलेली लसीकरण कार्डं जगात सगळीकडे आहेत. एआयचा कॉल निघेल तेव्हा हे घेऊन जा. मद्रास आयआयटीच्या एआयफोरभारतने भारतीय भाषांची मॉडेलं खुली केलीत, त्यांचा बोलणं ओळखणारा भाग वापरून सेविकेला तारीख तोंडी सांगून नोंद करता येईल का हेही बघा, सोलापुरात तर मराठी, तेलुगू, कानडी, दखनी सगळंच कानावर पडतं. प्रशिक्षणासाठी जे फोटो लागतील त्यातलं नाव फोनमधून बाहेर पडायच्या आधीच काळं करा.

परीक्षक हमखास विचारतात तो प्रश्न म्हणजे सरकारचं आधीच आहे, मग तुम्ही कशाला. लसीकरणाच्या नोंदीला केंद्राचं यू-विन आहे, अंगणवाडीला २०२१ पासून पोषण ट्रॅकर ॲप आहे, आणि स्थलांतरित लाभार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये मायग्रेशन ट्रॅकिंग सिस्टीम आणली. हे अर्जात लपवू नका, आधी लिहा. मग सांगा की टोळ्या अक्कलकोटच्या पुढे विजयपूर, कलबुर्गीकडच्या कारखान्यांवर जातात तेव्हा राज्याची सिस्टीम सीमेवर थांबते आणि कार्ड मात्र आईच्या पिशवीतून पलीकडे जातं. आणि ओटीपीचं सांगा, हे मी स्वतः एका तळावर पाहिलंय. संध्याकाळी सिस्टर कोप्यांवर (मजुरांच्या झोपड्यांवर) आली, बाळाची नोंद शोधायला मोबाइल नंबर टाकला, ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर, नवरा गाडी भरायला फडात, त्याला फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपली, दुसऱ्यांदा केलं तर त्याच्या फोनची रेंज गेली, शेवटी सिस्टरने लस दिली आणि वहीत लिहून घेतलं. वहीतलं पुढे कुठे चढलं कोणास ठाऊक. तुमचं ॲप इथे कामाचं आहे, सरकारी सिस्टीमला टक्कर म्हणून नाही तर तिच्यापर्यंत न पोचलेली नोंद तिच्यापर्यंत नेणारं म्हणून. तुमची नोंद त्यांच्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता येते हे दाखवा.

आता वेळापत्रक, यावर मी सगळ्यात जास्त भर देईन. फंडाचं वर्ष साधारण बारा महिन्यांचं असतं आणि पैसे टप्प्याटप्प्याने, ठरलेलं काम दाखवल्यावर मिळतात. तुमचं वर्ष मात्र गाळपावर चालतं, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. करार समजा एप्रिलमध्ये सुरू झाला आणि तुम्ही पहिल्या सहामाहीत 'पाचशे मुलांवर चाचणी' असं लिहून बसलात, तर तळावर एकही मूल नसेल आणि दुसरा हप्ता अडकेल. म्हणून उन्हाळा-पावसाळ्याचं काम गावाकडे लावा. बीडकडची गावं, आपल्याकडे सांगोला, मंगळवेढा, शेजारचं जत, जिथून माणसं निघतात तिथल्या अंगणवाडीत जाऊन दसऱ्याच्या आधी कार्ड काढून द्यायची, म्हणजे हंगामात तळावर नुसतं स्कॅन करायचं उरतं. बाळाला गावात दहा आठवड्यांची पेंटा मिळते आणि चौदा आठवड्यांची येईपर्यंत आई फडात असते, सगळ्यात जास्त मुलं सुटतात ती या मधल्या खिंडारात, तुमचा एक मुख्य आकडा यावरच धरा, की गावात दुसरा डोस झालेल्या किती मुलांना तिसरा तळावर वेळेत मिळाला. नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाचंही तेच. ॲप किती जणांनी उतरवलं हा आकडा मला वाचायचाच नसतो.

पैशाचे बाकीचे मार्ग. आत्ता लगेच युनिसेफच्या मागे लागू नका, एक हंगाम थांबा, तोवर स्टार्टअप इंडिया सीड फंड बघा. २०२१ मध्ये ९४५ कोटींची ही योजना आली, इन्क्युबेटरमार्फत (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत) प्रोटोटाइप आणि चाचणीसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट (परत न करायचं अनुदान), आणि पुढे बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल (पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या) स्वरूपात. अट अशी की डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता हवी आणि अर्ज करताना कंपनी निघून दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नको, म्हणून कंपनी काढली की घड्याळ चालू झालं हे लक्षात ठेवा. दुसऱ्या सरकारी योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त घेतलेले असतील तर बाद. एका वेळी तीन इन्क्युबेटर निवडता येतात. मूळ मुदत चार वर्षांची होती, त्यामुळे कोणाकडे पैसे शिल्लक आहेत ते पोर्टलवर बघा आणि सरळ फोन करा, आपल्या विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरमध्ये जाऊन बसा, तिथे विचारायला काही लागत नाही. राज्याचा महाराष्ट्र स्टार्टअप वीकही सोडू नका, त्यात निवड झालेल्यांना सरकारी खात्यात पायलट करायच्या १५ लाखांपर्यंतच्या वर्क ऑर्डर मिळाल्यात, आणि तुमच्यासारख्यांना सरकारी खात्याची वर्क ऑर्डर ग्रँटपेक्षाही मोलाची. झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीचा फ्लॉस फंड २०२४ मध्ये सुरू झालाय, वर्षाला दहा लाख डॉलर ओपन सोर्सला, पण तो आधीच भरपूर वापरल्या जाणाऱ्या प्रोजेक्टसाठी आहे, तुमची वेळ अजून आली नाही.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामाला द्यायच्या पैशाचं म्हणाल तर, आपल्याकडे एनटीपीसीचा प्रकल्प आहे, बालाजी अमाइन्स, प्रिसिजनसारख्या सोलापुरातल्याच कंपन्या आहेत, विचारायला हरकत नाही, पण सीएसआरचा पैसा प्रायव्हेट लिमिटेडला थेट ग्रँट म्हणून मिळत नाही. सेक्शन ८ कंपनी (ना-नफा कंपनी), ट्रस्ट किंवा सोसायटी लागते, इन्कम टॅक्सची १२ए, ८०जी आणि २०२१ पासून सीएसआर घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी असलेली. त्यासाठी दुसरी संस्था काढायच्या भानगडीत पडू नका, तीन जणांना दोन ऑडिट झेपत नाहीत. ऊसतोडीत आधीपासून काम करणाऱ्या संस्थेशी करार करा, सीएसआरचा पैसा तिच्याकडे, ती तळावरचं काम करेल, तुम्ही सॉफ्टवेअर द्याल.

परदेशी पैशाबद्दल गोंधळ खूप आहे. एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या व्याख्येतून संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्याच्या संस्था वगळलेल्या आहेत, त्यामुळे युनिसेफचा पैसा 'परदेशी स्रोत' धरला जात नाही. पण एखाद्या परदेशी फाउंडेशनने सामाजिक कामासाठी ग्रँट देऊ केली तर एफसीआरए आलंच, आणि नवीन संस्थेला ते मिळत नाही, साधारण तीन वर्षांचं काम आणि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका एनजीओने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्याला फिरवताही येत नाही, म्हणून 'आमच्या खात्यातून तुम्हाला देतो' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. आणि करार हातात आला की सही करायच्या आधी सीएला अख्खा वाचायला द्या, तो ग्रँट आहे का सेवेचा करार यावर टॅक्स आणि जीएसटी ठरतात.

बजेटमध्ये तुम्ही ऐंशी टक्के प्रोग्रामरचे पगार धरलेत. त्यातले कमी करा. एक पूर्णवेळ माणूस डॉक्युमेंटेशनला ठेवा, कारण रीडमी (कोडसोबतची माहितीची फाइल) वाचून अनोळखी माणसाला दुपारभरात ॲप उभं करता आलं नाही तर तुमचं ओपन सोर्स कागदावरच राहिलं. बाहेरच्याकडून सिक्युरिटी ऑडिट धरा. कानडी आणि तेलुगू भाषांतराला पैसे धरा, फुकट करून घेऊ नका. आणि सेविका, आशा यांच्या वेळेचा मोबदला वेगळ्या ओळीत दाखवा, त्यांच्यावर आधीच चार ॲप आहेत आणि पाचवं तुमचं, त्यांनी ते आपल्या जेवणाच्या वेळेत फुकट शिकावं ही अपेक्षा मला पटत नाही.

पुढच्या दोन महिन्यांत हे करा : जागेचं कॉलम काढा, क्यूआर बदला, नवा रेपो एजीपीएलखाली उघडा, आणि सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या दोन अंगणवाड्या पक्क्या करा. डिजिटल पब्लिक गुड्स अलायन्सचा, म्हणजे सगळ्यांच्या उपयोगाच्या खुल्या सॉफ्टवेअरना मान्यता देणाऱ्या आघाडीचा, नऊ मुद्द्यांचा निकष आहे, तोही आत्ताच वाचून ठेवा, आपल्याकडची आयस्पिर्ट ही तंत्रज्ञानातली संस्था आणि युनिसेफ दोघंही त्या अलायन्सच्या संस्थापकांत आहेत, आणि लायसन्स, डॉक्युमेंटेशन, प्रायव्हसी, कोणालाही इजा होणार नाही याची तजवीज हे सगळं त्यात विचारतात, म्हणजे युनिसेफच्या अर्जाची निम्मी तयारी तिथेच होते. दसऱ्याच्या आधी किती कार्डं निघाली ते कळवा, मग कुठल्या कॉलला काय लिहायचं ते बसून ठरवू.